लावणीआधी आपल्या माणसांच्या पायांसाठी : चाकरमान्यांना व ग्रामस्थांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

मृग लागला की वाडीवाडीत तरव्याची गडबड सुरू होते आणि पुढचा दीड महिना आपली माणसं चिखलात असतात. सकाळी खाचरात उतरलेला पाय दुपारी भाकरीपुरता बाहेर येतो, मग पुन्हा दिवेलागणीपर्यंत पाण्यात. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. चिखल्यांना आपल्याकडे कुणी आजार म्हणत नाही. पण मंडळाने हे पत्र लिहायला घेतलं ते चिखल्यांमुळेच.

गेल्या आषाढात वरच्या वाडीतल्या एका काकूंच्या बेचक्यात अशीच चीर पडली. दोन दिवसांत पाऊल लाल झालं, घोट्यापर्यंत सूज आली, रात्री थंडी वाजून ताप भरला. घरच्यांनी थांबायला सांगितलं. पण पडजीचे, म्हणजे एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबायचे, तीन दिवस त्या देणं लागत होत्या. दुसऱ्यांनी येऊन आपली लावणी उरकून दिली आणि आपण पडवीत बसून राहायचं, हे त्यांना पटेना. हळद-चुना लावला, फडकं बांधलं आणि त्या उतरल्या. चौथ्या दिवशी नडगीवर जांभळे डाग आणि पाण्याचे फोड दिसले. तालुक्याला नेलं, तिथून रत्नागिरीला, आणि तिथून भर पावसात आंबा घाट चढून कोल्हापूरला. सडलेलं मांस तीनदा ऑपरेशन करून काढावं लागलं, मग मांडीची कातडी काढून तिथे लावली. काकू वाचल्या, पायही वाचला, दोन बोटं गेली. आपल्याला साखर आहे हे त्यांना तिथे गेल्यावर कळलं.

ऑपरेशनचा खर्च महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसला. गाडीभाडं, सोबत राहिलेल्या दोघांचं जेवणखाण आणि बुडालेला हंगाम कुठल्याच योजनेत बसला नाही.

डॉक्टरांनी आम्हाला जे समजावून सांगितलं ते प्रत्येक घरात पोचायला हवं. चिखल्यांची बुरशी कातडी कुजवते आणि त्या चिरेतून जंतू आत शिरतात, बहुतेक वेळा स्ट्रेप्टोकोकस. कातडीखाली तो पसरला की पाय लाल, गरम, सुजलेला होतो. याला सेल्युलायटिस म्हणतात. या टप्प्यावर वेळेत गोळ्या सुरू झाल्या, पाय उशीवर उंच ठेवून विश्रांती घेतली, तर बहुतेक माणसं घरीच बरी होतात. औषधही महागडं लागत नाही. आपल्या पिंपरीच्या कारखान्यात १९५५ पासून बनू लागलेलं पेनिसिलीन या स्ट्रेप्टोकोकसला आजही मारतं. थोड्या जणांत मात्र जंतू खोल उतरतो आणि स्नायूंवरच्या पडद्यावरून तासातासाने पुढे सरकतो. तिथल्या रक्तवाहिन्या बंद पडतात, त्यामुळे नुसतं सलाइनमधून दिलेलं औषध मेलेल्या भागापर्यंत पोचतच नाही. कापूनच काढावं लागतं. याची खूण एकच नीट लक्षात ठेवा : वरून फारसं दिसत नाही, पण माणूस वेदनेने कळवळतो. मग जांभळे डाग, फोड, दाबलं तर कुरकुर, भ्रमिष्टासारखं बोलणं. अशा वेळी सकाळची वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. ज्यांना साखर आहे त्यांच्या पायाला अनेकदा दुखणं कळतच नाही, म्हणून त्यांचा पाय दुसऱ्याने रोज बघायला हवा.

औषध अर्धवट सोडण्याबद्दलही सांगायला हवं. १९४१ साली इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या पोलिसाला पेनिसिलीन टोचलं. तोंडावरची जखम चिघळून तो मरणाच्या दारात होता. चार-पाच दिवसांत ताप उतरला, तो जेवू लागला. पण तेव्हा जगात पेनिसिलीन होतंच किती? त्याच्या लघवीतून गाळून पुन्हा वापरलं, तेही संपलं आणि तो गेला. आपल्याकडे औषध संपत नाही. सूज उतरली की उरलेल्या गोळ्या आपण फळीवर ठेवून देतो.

काहीजण विचारतात, गमबूट पाठवू का? भावना मोलाची आहे, पण लावणीच्या चिखलात गमबूट रुतून बसतो आणि आत पाणी शिरलं तर पाय अधिकच कुजतो. संध्याकाळी साबणाने पाय धुणं, बेचक्या कोरड्या करणं आणि बुरशीचं साधं मलम याने जास्त काम होतं. मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, भेगांना उत्तम, त्याला आमचा विरोध नाही. पण पू झालेल्या जखमेवर मुठेल नको, बिब्बा तर नकोच नको. दुकानातून मागून आणलेली खाजेची ट्यूबही नको. तिच्यात बहुधा स्टेरॉइड असतं, खाज थांबते आणि बुरशी आत फोफावते.

यंदा मृगापासून दसऱ्यापर्यंत समाजमंदिराची मागची खोली मलमपट्टीसाठी उघडी ठेवायचं मंडळाने ठरवलं आहे. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, कारण दिवसा कुणी येणार नाही हे आम्हाला माहीत आहे. गावातल्याच एक निवृत्त नर्सबाई बसायला तयार आहेत. त्या जखम धुतील, साखर तपासतील, लाल भागाच्या कडेने पेनाने रेघ मारतील. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली तर त्या माणसाला लगेच डॉक्टरकडे पाठवायचं. पैसे लागतील ते नर्सबाईंच्या मानधनाला, गॉज, सलाइनच्या बाटल्या, साखर तपासायच्या पट्ट्या आणि मलमाला, आणि सगळ्यांत जास्त गाडीला. रात्री-अपरात्री जीप काढताना डिझेलचे पैसे कोण देणार या चर्चेत एकही तास जाता कामा नये.

मुंबईच्या इस्पितळांत नोकरी करणाऱ्या आपल्या मुली आहेत. जुलैत आठवड्याची रजा काढून त्यांतली एखादी जरी आली, तरी नर्सबाईंना मोठा आधार होईल. ज्यांना पैसे देणं जमणार नाही त्यांनी लावणीच्या दिवसांत रोज रात्री घरी व्हिडिओ कॉल करावा आणि आईला म्हणावं, पाय दाखव. ती तोंडाने "बरी आहे"च म्हणणार.

पडजीबद्दल सभेत ठराव झाला आहे : पाय सुजलेल्या माणसाचं देणं त्याच्या वाडीने वाटून घ्यायचं, आणि त्याचा हिशोब पुढे कुणी काढायचा नाही.

वर्गणी आपापल्या वाडीप्रमुखांकडे किंवा मुंबई मंडळाच्या खजिनदारांकडे द्यावी, पावती जरूर घ्यावी. खर्चाचा हिशोब गणपतीतल्या सभेत वाचून दाखवू. सामान रोहिण्या निघायच्या आत खोलीत लावायचं आहे, तेव्हा मे महिन्याच्या सुट्टीत गावी याल तेव्हाच रक्कम आणलीत तर बरं होईल.

आपले नम्र,
ग्रामविकास मंडळ (ग्रामीण) व समस्त वाडीप्रमुख