प्रभुभोजनाला कोणते कपडे?

मा. संपादक साहेब,
आमच्या चर्चमधी महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर अन् द्राक्षरस घ्यायचा विधी असतो, त्या दिवशी बाया शक्यतो पांढरी नाहीतर फिक्या रंगाची साडी नेसतात, डोक्यावर पदर घेतात, माणसं इस्त्रीचा शर्ट घालतात, हे मलाही आवडतं. फाटकी जीन्स घालून आलेल्या पोरांना मी स्वतः टोकलंय, चर्चमधी फॅशन दाखवायला जात नसतात. पण मागच्या महिन्यात कापूस वेचायला जाणारी एक मावशी आली, साडी स्वच्छ धुतलेली पण पार विटलेली, काठाला दोन जागी हातशिलाई, तिला कुणीतरी मागं बसा म्हणलं अन् भाकर-द्राक्षरसाची वेळ आली तर ती उठलीच नाही. लई वाईट वाटलं. बायबलातल्या याकोबाच्या पत्राच्या २ ऱ्या अध्यायात हेच तर आहे ना, सोन्याची अंगठीवाल्याला चांगली जागा अन् मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायापाशी बस, असं करू नका म्हणून. प्रेषित पौलानं करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्रात भाकर खायच्या आधी स्वतःची परीक्षा करा सांगितलं, शेजारच्याच्या साडीची नाही. पाळकसाहेबांनी (चर्चच्या पाद्रींनी) पुढच्या प्रभुभोजनाआधी मंडळीला हे समजावून सांगावं, आणि त्या मावशीला घरी जाऊन बोलवून आणावं, मी सोबत यायला तयार आहे.
— एक वाचक, जि. जालना