दोष विमानाचा नव्हता, सुनेचा तर नव्हताच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या आरोग्य पुरवणीत गरोदर स्त्रियांसाठी सूचनांची एक चौकट आली होती. त्यात एक ओळ होती : ‘पहिल्या तीन महिन्यांत विमानप्रवास टाळावा.’ का टाळावा, ते लिहिलेलं नव्हतं. त्या चौकटीचा फोटो सकाळी सव्वाआठला आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. माझ्या जाऊबाईंनी तो काळजीनेच टाकला होता. नाव कुणाचंच घातलेलं नव्हतं, पण तो कुणासाठी आहे हे सगळ्यांना समजलं. माझ्या सुनेने खाली उत्तर लिहिलं, ‘बरं.’ तो एक शब्द वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी डॉक्टर नाही. ३१ वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि आता निवृत्त आहे. मुलगा आणि सून पुण्यात नोकरी करतात, आम्ही दोघं नागपुरात. गेल्या वर्षी महालक्ष्म्यांसाठी सून पुण्याहून विमानाने आली. तिला आठ आठवडे आणि एक दिवस झाला होता. दुसऱ्या दिवशी आवाहन, तिसऱ्या दिवशी जेवण. आमच्याकडे त्या दिवशी सोळा भाज्या, आंबील, पुरणाचा स्वयंपाक आणि पंगतीला चाळीसेक माणसं असतात. पंगत वाढताना ती दोनदा हातातलं पातेलं खाली ठेवून आत गेली. मी पाहिलं, पण विचारलं नाही. रात्री आरती झाल्यावर तिने माझ्या मुलाला सांगितलं की दुपारपासून लाल जातंय. महालक्ष्म्या बसलेल्या घरात बायका विटाळ म्हणतील, या धास्तीने ती सहा-सात तास कुणाशी काही बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनोग्राफी झाली. ठोके नव्हते. दवाखान्याच्या बाकावर ती माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिला म्हणाले, “तरी म्हटलं होतं, विमानाने येऊ नकोस.” खरं म्हणजे मी तसं कधीच म्हटलं नव्हतं. रेल्वेचं आरक्षण मिळेना तेव्हा ‘विमानाने ये’ असं मीच तिला फोनवर सांगितलं होतं. दुःखात माणूस कुणावर तरी ठपका ठेवतो, आणि मी तो तिच्यावर ठेवला. मग जो भेटायला आला त्याने तेच वाक्य आपापल्या परीने म्हटलं. विहीणबाईंनीसुद्धा.

महिन्याभराने घरातली कागदपत्रं लावताना तो सोनोग्राफीचा कागद माझ्या हाती लागला. त्यावर गर्भाची लांबी ८ मिलिमीटर लिहिलेली होती आणि पुढे वाढ ६ आठवडे ५ दिवस. मला ते खटकलं. पाळीच्या तारखेने त्या सकाळी ८ आठवडे ४ दिवस व्हायला हवे होते, मग कागदावर कमी का? मी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलं, पान मागे उलटलं आणि पाळीच्या तारखेपासून एकेका चौकटीवर बोट ठेवत मोजलं. सोनोग्राफी ६० व्या दिवशी झाली होती, विमान ५७ व्या दिवशी होतं. आणि ६ आठवडे ५ दिवस म्हणजे ४७ वा दिवस. त्या चौकटीत माझ्याच अक्षरात दुधाचा हिशोब लिहिलेला होता, दीड लिटर. त्या दिवशी सून पुण्यात होती, नेहमीसारखी ऑफिसला गेली होती.

तो कागद घेऊन मी आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, “बरोबर मोजलंत. आकारावरून बघितलं तर वाढ विमानात बसायच्या दहाएक दिवस आधीच थांबली होती. रक्तस्राव उशिरा सुरू झाला, एवढंच.” त्यांनी बसवून समजावलं ते मी वहीत उतरवून घेतलं. गर्भ राहिल्याचं कळलेल्या शंभर बायकांपैकी दहा ते वीस जणींचा गर्भ असा गळतो, आणि त्यातले बहुतेक पहिल्या बारा आठवड्यांतच. निम्म्याहून अधिक वेळा गुणसूत्रांतली चूक हेच कारण असतं. ती चूक गर्भ तयार होतानाच झालेली असते. आईने काय खाल्लं, कशात बसली, काय उचललं, याने ती होतही नाही आणि टळतही नाही.

मी सुनेला फोन केला आणि तारखा वाचून दाखवल्या. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “आई, विमान उतरताना जोरात आदळलं होतं. मला रोज रात्री वाटायचं, तेव्हाच झालं असणार.” आदळण्याचंही मी डॉक्टरबाईंना विचारून घेतलं. बारा आठवड्यांपर्यंत गर्भाशय ओटीपोटाच्या हाडांच्या आत असतं, त्या हिसक्याने त्याला काही होत नाही. पण ती महिनाभर रोज रात्री हे मनात घेऊन झोपत होती, आणि त्यात माझ्या त्या वाक्याचा वाटा होता.

विमानाबद्दल मनात जे जे होतं तेही मी त्यांना एकेक करून विचारलं. विमान पस्तीस हजार फुटांवर उडतं, पण आतली हवा सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी ठेवलेली असते. म्हणजे आपल्या चिखलदऱ्याच्या साधारण दुप्पट उंची. शिमला आणि उटी सात हजार फुटांवर आहेत, तिथल्या बायका नऊच्या नऊ महिने तिथेच काढतात. धडधाकट आईच्या गर्भाला तेवढ्या हवेने काही होत नाही. विमानतळावर ज्या चौकटीतून जावं लागतं तिच्यात क्ष-किरण नसतात, चुंबकीय क्षेत्र असतं. क्ष-किरण फक्त सामानाच्या पट्ट्यावर. आकाशातून येणारा किरणोत्सर्ग वर थोडा जास्त असतो हे खरं, ताशी पाचेक मायक्रोसिव्हर्टपर्यंत. गरोदरपणात गर्भासाठी १,००० मायक्रोसिव्हर्टची मर्यादा मानतात. पुणे-नागपूर विमान सव्वा-दीड तासाचं आहे. जाऊन-येऊन किती होतं याचा हिशोब सातवीतलं मूलही करील. नोकरीसाठी रोज उडणाऱ्या विमान कर्मचारी मुलींची गोष्ट वेगळी. त्यांना तो हिशोब वर्षभराचा मांडावा लागतो, म्हणून त्यांचे नियमही वेगळे आहेत.

आता ‘विमान टाळा’ या एका ओळीने घरात काय होतं ते सांगते. सून पुन्हा गरोदर आहे, आठवा आठवडा आहे आणि दिवाळीला ती नागपूरला यायची आहे. तुमची चौकट आल्यापासून फोन सुरू आहेत : विमान नको, ट्रॅव्हल्सने ये, स्लीपरमध्ये आडवं होऊन ये. पुणे-नागपूर सातशेच्या वर किलोमीटर, तेरा-चौदा तासांचा रस्ता. गाडीत संडास नाही. रात्री धाब्यावर थांबली तर तिथली मोरी बघून बाई परत येऊन बसते, म्हणून आमच्या घरातल्या सगळ्या बायका ट्रॅव्हल्समध्ये चढायच्या आधी दुपारपासून पाणी पीत नाहीत. मीही तेच करत आले. गरोदर बाईने पाणी न पिता लघवी धरून बसणं म्हणजे लघवीच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण, आणि तासन् तास पाय न हलवता पडून राहिलं तर शिरेत रक्ताची गाठ धरण्याचा धोका. गरोदरपणात तो धोका मुळातच वाढलेला असतो. विमानातही चार तासांच्या वर बसायचं असेल तर याचीच काळजी घ्यायची : उठून चार पावलं चालायचं, पाणी प्यायचं, डॉक्टरांनी सांगितलं तर घट्ट मोजे घालायचे. दीड तासाचा प्रवास सोडून चौदा तासांचा पत्करला तर यातलं काय सोपं होतं?

मी विमानाची वकिली करत नाहीये. काही बायकांनी खरोखरच विमानात बसू नये. पण त्या कोणत्या, हेच तुमच्या ओळीत नव्हतं. ज्या बाईला रक्त जातंय किंवा पोटात एका बाजूला दुखतंय, तिने आधी दवाखान्यात जायचं, मग कुठल्याही गाडीत बसायचं. जिचं हिमोग्लोबिन साडेसातच्या खाली आहे तिने बसू नये. आपल्या देशात गरोदर बायकांपैकी निम्म्याहून अधिक जणींना रक्तक्षय असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आलं आहे, तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आधी बघायलाच हवा. आणि आपल्या विदर्भातल्या वाचकांसाठी तर एक गोष्ट ठळक छापायला हवी होती. इथे अनेक घरांत सिकलसेल, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, आहे. सिकलसेलच्या रुग्णाला कमी प्राणवायूच्या हवेत त्रास उसळू शकतो, तिने डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट काढूच नये. पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल तरी तसंच.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे बघणं. शंभरात एक-दोन बायकांचा गर्भ नळीत रुजतो. सहा ते आठ आठवड्यांच्या सुमाराला नळी फुटली तर पोटात रक्त साठतं, बाई घेरी येऊन पडते आणि तिला तासाभरात टेबलावर घ्यावं लागतं. ढगांच्या वर ते टेबल नसतं. सोनोग्राफीत गर्भ जागेवर दिसला की ही भीती जवळजवळ संपते.

हे मला कळतं, कारण मी ते जवळून पाहिलं आहे. १९८९ साली माझ्या शाळेतली एक सहकारी माझ्याबरोबर एसटीने नागपूरला येत होती. सकाळपासून तिचा खांदा दुखत होता. आम्हाला वाटलं, काल फळ्यावर खूप लिहिलं म्हणून असेल. अर्ध्या वाटेत तिने माझ्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचे ओठ पांढरे पडले होते, कपाळ गार लागत होतं. वाहकाने टपावरून सामान काढायलाही थांबू दिलं नाही, चालकाने बस थेट दवाखान्याच्या फाटकात नेऊन उभी केली. नळी फुटली होती. पोटातलं रक्त वर छाती आणि पोटामधल्या पडद्याला टेकलं की खांदा दुखतो, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ती वाचली. पुढे तिला दोन मुलं झाली. त्या वेळी कुणीही म्हटलं नाही की एसटीत बसली म्हणून असं झालं. तेच विमानात घडलं असतं तर आजही तिच्या घरात विमानाचं नाव निघालं असतं, आणि खांद्याचं दुखणं कुणाच्या लक्षातही राहिलं नसतं.

आणखी एक. आपल्याकडे तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही अशी रीत आहे. मीही ती पाळली. पण प्रवासात शेजारच्या माणसाला नाही तरी विमानातल्या मुलीला ‘मला दिवस गेलेत’ एवढं सांगून ठेवायला काय हरकत आहे? आठव्या आठवड्यात पोट दिसत नाही. ती बाई तीनतीनदा का उठते आहे, तिचा चेहरा का उतरला आहे, हे दुसऱ्याला कसं कळावं? विमान कंपन्याही साधारण २८ व्या आठवड्यापर्यंत काही विचारत नाहीत. त्यानंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि ३६ व्या आठवड्यानंतर बहुधा घेत नाहीत. आठवडे कंपनीगणिक थोडे इकडेतिकडे होतात. म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांत बाईची विचारपूस तिच्या घरच्यांनीच करायची असते. गेल्या वर्षी पंगतीत ती माझ्याकडून राहिली.

संपादक महाशय, आपला पेपर आमच्या घरी ४० वर्षं येतो. त्यात छापलेली ओळ आमच्याकडे खरीच मानतात. म्हणून विनंती आहे की एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडून या विषयावर सविस्तर लिहून घ्यावं आणि ते त्याच पुरवणीत, त्याच जागी छापावं. ‘टाळावं’ लिहिलं तर का आणि कुणी टाळावं, तेही सोबत लिहावं. गर्भ गळाला तर तो बहुतेक वेळा कुणाच्या चुकीने गळत नाही, हेही लिहावं. जमलं तर ते वाक्य मोठ्या अक्षरात घ्यावं, म्हणजे त्याचाही फोटो काढून ग्रुपवर टाकता येईल.

हे पत्र पाठवण्याआधी मी सुनेला वाचून दाखवलं. पंगतीतला भाग काढू का, असं विचारलं. ती म्हणाली, राहू द्या.

तिची पहिली सोनोग्राफी गेल्या सोमवारी झाली. गर्भ जागेवर आहे, ठोके दिसले, हिमोग्लोबिन ११ आहे. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीचं दुपारचं विमानाचं तिकीट मी काढलं आहे, कडेची जागा बघून. तिला घ्यायला सोनेगावच्या विमानतळावर मी स्वतः जाणार आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नागपूर
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)