वासंतीस पत्र : नव्या रुग्णालयातील परिचर्येविषयी

मिरज, जि. सांगली
दि. १४ जून

प्रिय वासंती,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोहोचले. विट्याला तुम्ही वीस खाटांचे रुग्णालय सुरू करीत आहात हे वाचून फार आनंद झाला. परिचारिकांनी रुग्णांशी आपुलकीने वागावे म्हणून रुजू होताच त्यांच्यासाठी एखादे शिबिर घ्यावे का, असे तू विचारले आहेस. शिबिर अवश्य घे. परंतु इतकी वर्षे वॉर्डात काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, आपुलकी ज्या त्या मुलीच्या स्वभावावर सोडून चालत नाही, ती कामाच्या रीतीतच बसवावी लागते. मूळची मायाळू मुलगीसुद्धा रात्रपाळीच्या शेवटी दमलेली असते, आणि त्या वेळी तिच्या हाताला लागलेली सवयच रुग्णाच्या उपयोगी पडते.

कूस बदलण्याचेच घे. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी, असे आम्हाला शिकवतात. गेल्या पावसाळ्यात जत भागातले एक आजोबा पक्षाघाताने आमच्याकडे दाखल झाले होते. त्यांची वाचा गेली होती. आमची एक तरुण सिस्टर आधी पडदा ओढून त्यांना दिसेल अशी उभी राही, "आबा, आता तुम्हाला भिंतीकडच्या कुशीवर वळवते," असे सांगे आणि मगच हात लावी. त्यांच्या मुलाला खाटेच्या दुसऱ्या बाजूला उभे करून, कातडी घासू नये म्हणून ओढाओढ न करता अंगाखालच्या आडव्या चादरीसकट कसे उचलायचे, ते तिने दाखवले. माकडहाडापाशी आणि टाचांवर लाली दिसली तर ती बोटाने दाबून पाहायची, आणि बोट काढल्यावर जागा फिकी न पडता लालच राहिली तर जखमेची ती सुरुवात समजून लगेच हाक मारायची, हेही तिने समजावले. तोवर थर्मास घेऊन दाराशी बसून राहणारा तो मुलगा त्या रात्रीपासून स्वतःहून घड्याळ पाहू लागला. नातेवाइकांना धीर द्यावा असे सगळेच म्हणतात. मला वाटते, त्यांना जमेल असे काम नीट शिकवून हाती देणे हा धीराचा सर्वांत भक्कम प्रकार आहे.

या संदर्भात मला अरुणा शानबाग यांची शुश्रूषा नेहमी आठवते. त्या स्वतः मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या आणि तिथेच झालेल्या हल्ल्यानंतर कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १९७३ पासून २०१५ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे जवळपास ४२ वर्षे, तिथल्याच परिचारिकांनी त्यांना सांभाळले आणि त्यांच्या अंगावर शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांचा गौरव केला. अरुणा यांच्याबरोबर काम केलेल्या परिचारिका केव्हाच निवृत्त झाल्या होत्या. त्यांना कधी हिंडता-फिरताना न पाहिलेल्या मुलींनी ते काम पुढे चालवले. हे केवळ एकदोघींच्या चांगुलपणावर झाले नसते.

दुसरी गोष्ट बोलण्याची. रुग्णाच्या खोलीत कुजबुजणे क्रूरपणाचे आहे, असे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच लिहून ठेवले आहे, आणि तरीही खाटेपासून चार पावलांवर डॉक्टर आणि थोरला मुलगा हळू आवाजात बोलताना मी रोज पाहते. पडल्यापडल्या त्या माणसाच्या मनात काय काय येत असेल! जे रुग्णासमोर बोलायचे ते मोकळेपणाने बोलावे, उरलेले दार लावून दुसऱ्या खोलीत बोलावे. डॉक्टरांचा राउंड झाल्यावर एका ठरलेल्या वेळी सिस्टरने नातेवाइकांजवळ बसून आज काय झाले आणि उद्या काय करायचे आहे, एवढे रोज सांगावे. सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी "आज तब्येत कालच्यासारखीच आहे" हेसुद्धा सांगावे. आमच्याकडे अथणी, जमखंडीकडचे रुग्ण वॉनलेस डॉक्टरांनी १८९४ साली इथे रुग्णालय काढले तेव्हापासूनच्या ओढीने येतात, म्हणून आम्ही कामापुरते कानडी शिकतो. तुमच्याकडची अडचण निराळी आहे. खानापूर-आटपाडीकडची कितीतरी घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यापायी देशभर पांगलेली, आणि म्हातारी मंडळी गावी एकटी. तेव्हा केस पेपरवर कोणाला, किती वाजता फोन करायचा, याची जागा पहिल्याच पानावर ठेव.

मृत्यूविषयी लिहिणे जड जाते, तरी लिहिते. शेवटची घटका जवळ आली की घरच्यांना आत येऊ द्यावे, बसायला खुर्ची द्यावी, आणि तुळशीपत्र-गंगाजल द्यायचे आहे का, किंवा चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायचा आहे का, हे आपणहून विचारावे. त्या गोंधळात मागायचे धाडस त्यांना होत नाही. नंतर नळ्या काढून, अंग पुसून, डोळे मिटवून, धुतलेल्या चादरीत देह स्वाधीन करावा, आणि बिलाचा विषय त्या खाटेपाशी कोणीही काढू नये. हे ज्या मुलीने केले तिला लगेच दुसऱ्या खाटेकडे न पिटाळता थोडा वेळ बसू द्यावे. मुली बोलून दाखवत नाहीत, पण त्यांना ते फार लागते.

आता जे तुझ्या मुलाला कदाचित आवडणार नाही, तेही लिहिते. हे सारे करायला माणसे लागतात. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी एकटी मुलगी रात्रभर सगळा वॉर्ड सांभाळते. तिने प्रत्येकाशी दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा ठेवणे अन्यायाचे आहे. यंत्राची एखादी खरेदी पुढे ढकला, पण रात्रपाळीला दोघींपेक्षा कमी ठेवू नका.

इमारतीचा नकाशा अजून पक्का झाला नसेल तर वॉर्डाला लागून दाराची एक छोटी खोली आणि नातेवाइकांना रात्री पाठ टेकायला जागा काढता येते का, ते पाहा. मुलाखतींची तारीख ठरली की कळव. मी रजा टाकून येईन, आणि मुलींशी पहिले बोलणे वॉर्डातच, खाटेशी उभे राहून करू.

काकूंना सा. नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
शालिनी