वाल्दोक्कोतला भाजीचा वाफा

तुरिन, रविवार

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

कार्यालयाच्या कामासाठी इथे येऊन सहा आठवडे झाले. मागच्या फोनवर आईने "माझ्या वाफ्याला पाणी कोण घालणार?" एवढे विचारून पुण्याला येण्याचा विषय मिटवला आणि मी चिडून फोन ठेवला, त्याबद्दल आधी क्षमा मागते. काल इथल्या वाल्दोक्को भागात गेले होते. तेव्हापासून तो फोन सारखा आठवतो आहे.

बाबा, तुम्ही माटुंग्याला खोली घेऊन राहत होतात तेव्हा ज्या डॉन बॉस्को चर्चवरून रोज जात असा, तो डॉन बॉस्को इथला. ‘डॉन’ ही इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी लावायची आदराची उपाधी आहे. आपल्या सिनेमातल्या डॉनशी तिचा संबंध नाही. जोव्हान्नी बॉस्को १८१५ साली बेक्की नावाच्या वस्तीत एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. दोन वर्षांचा होण्याआधीच त्याचे वडील न्यूमोनियाने गेले. शेती, सासू, दोन मुलगे आणि एक सावत्र मुलगा एवढा संसार त्याची आई मार्गेरिता हिच्या एकटीच्या अंगावर पडला. सावत्र भावाला जोव्हान्नीचे पुस्तक हातात घेणे खपत नसे आणि घरातली भांडणे इतकी विकोपाला गेली, की बारा वर्षांच्या आतबाहेरच्या या पोराला आईनेच परक्याच्या शेतावर गडी म्हणून पाठवले. १८४१ मध्ये तो धर्मगुरू झाला.

त्या काळी आसपासच्या खेड्यांतली पोरे गवंड्याच्या हाताखाली कामाला किंवा धुराडी साफ करायला तुरिनला येत, कुठेतरी झोपत आणि त्यांतली काही तुरुंगात पोचत. डॉन बॉस्कोने ती तुरुंगात पाहिली आणि अशा मुलांना दर रविवारी गोळा करून प्रार्थना, खेळ आणि अक्षरओळख सुरू केली. शेकडो मुलांचा तो गोंगाट कोणालाच शेजारी नको होता. जागा बदलत बदलत १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्कोत एक बुटकी शेड भाड्याने मिळाली आणि उन्हाळ्यात तो स्वतःच मरता मरता वाचला. विश्रांतीसाठी गावी गेला, पण परत कसे जायचे हा प्रश्न होताच, कारण वाल्दोक्कोत शेजारी दारूचा गुत्ता होता, एका घराचा तर लौकिकच वाईट होता, आणि अशा वस्तीत तरुण धर्मगुरूने एकट्याने राहणे शोभणारे नव्हते. तेव्हा त्याने आईला विचारले.

मार्गेरिता तेव्हा ५८ वर्षांची होती. थोरला मुलगा, नातवंडे, स्वतःचे घर, सगळे गावातच होते. तरीही ३ नोव्हेंबर १८४६ रोजी ही दोघे सुमारे ३० किलोमीटर चालत तुरिनला आली; त्याच्याकडे थोड्या वह्या आणि प्रार्थनेचे पुस्तक, तिच्या हातात कपड्यांची टोपली. पैसे पुरेनात तेव्हा तिने लग्नातले जपून ठेवलेले कपडे काढले. त्यांतून मिस्सेची (चर्चमधल्या मुख्य उपासनेची) वस्त्रे आणि वेदीवरची कापडे शिवली गेली. सोन्याची साखळीही विकली.

पहिल्यांदा ज्या मुलांना माळ्यावर झोपू दिले, ती पहाटे पांघरुणे घेऊन पसार झाली. तरी पुढच्या मे महिन्यात भर पावसात चिंब भिजलेला एक पंधरा वर्षांचा पोरका गवंडीकामगार दाराशी आला, तेव्हा मार्गेरिताने स्वयंपाकघरात विटांवर फळ्या टाकून त्याचे अंथरूण केले आणि झोपण्याआधी त्याला काम, प्रामाणिकपणा आणि देव यांविषयी चार शब्द सांगितले. रात्री झोपण्यापूर्वी मुलांशी असे थोडके बोलण्याची सालेशियन, म्हणजे डॉन बॉस्कोच्या धर्मसंघाच्या, घरांतली रीत त्या रात्रीपासूनची मानतात.

बाबा, तुमची नोकरी नोंदणी कार्यालयात गेली, म्हणून हे तुम्हाला आवडेल. उमेदवारीला जाणाऱ्या मुलांसाठी डॉन बॉस्को १८५०च्या दशकाच्या आरंभी स्टॅम्पपेपरवर रीतसर करार करून घेत असे. काम शिकवायचे, मजुरी ठरल्याप्रमाणे द्यायची, रविवार मोकळा सोडायचा, चूक झाली तर शब्दांनी सुधारायची, हात उचलायचा नाही. नंतर त्याने चांभारकाम, शिवणकाम, पुस्तकबांधणी, सुतारकाम आणि छपाईचे कारखाने घरातच काढले.

आता आई, वाफ्याची गोष्ट. मार्गेरिताने तिथे थोडी भाजी लावली होती. एकदा पोरे लढाई-लढाई खेळताना त्यातून धावली आणि सगळे तुडवून टाकले. वाळत घातलेले कपडे मातीत, मोजे फाटलेले, भांडी जागेवर नाहीत, हे रोजचेच होते. शेवटी ती मुलाला म्हणाली, की मला आता गावी जाऊ दे. तो काही बोलला नाही. त्याने भिंतीवरच्या क्रूसाकडे बोट दाखवले. ती समजली आणि पुन्हा कामाला लागली. ही गोष्ट तिच्या थोरवीसाठी सांगतात आणि ती थोर होतीच. मला मात्र त्या मुलाचे बोट खटकले. क्रूसापुढे आई काय बोलणार? मीही गेले वर्षभर बाबांच्या गुडघ्याकडे आणि डॉक्टरांच्या कागदांकडे असेच बोट दाखवत आले आहे.

ती परत गेलीच नाही. नोव्हेंबर १८५६ मध्ये वाल्दोक्कोतच गेली. त्यानंतर तीन वर्षांनी, १८ डिसेंबर १८५९ रोजी, डॉन बॉस्कोच्या खोलीत त्याच्यासह अठरा जण जमले आणि संत फ्रान्सिस द सालेस यांच्या नावाने धर्मसंघाची स्थापना झाली. तो संघ आईने पाहिला नाही. मुलगा आज त्यानेच बांधलेल्या भव्य मंदिरात काचेच्या पेटीत आहे. आईला गोरगरिबांच्या सामाईक कबरीत पुरले, तिची वेगळी खूण राहिली नाही.

त्या आवारात मी बराच वेळ उभी होते. आता सगळीकडे फरसबंदी आहे.

पुण्याच्या घराची लिफ्ट, दवाखान्याचे अंतर, बाबांसाठी खालची बाग, सगळे मी तुम्हाला मोजून सांगितले होते. गच्चीत ऊन किती तास येते, ते मात्र कधी पाहिले नाही. परतल्यावर आधी ते मोजते, मग बोलू.

तुमची,
धाकटी