राजेशम, काठाचं तेवढं सांग

सोलापूर,
१२ डिसेंबर

प्रिय राजेशम,

नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाच्या रथाला आला नाहीस, तेव्हाच ठरवलं होतं की आता स्वतःहून पत्र लिहायचं नाही. पण परवा रात्री स्टेशनबाहेर एक अव्वा जे बोलली ते इथे कुणाला समजावूनच सांगता येईना. सूनबाई म्हणते, "मामा, म्हातारं माणूस आहे, बोललं काहीतरी." तुला कळेल म्हणून लिहितोय.

तब्येत बरी. शुगर आहे तेवढीच. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बारीक दिसायला लागलंय.

उघड्यावर झोपणाऱ्यांसाठी आम्ही दुधाच्या पिशव्यांच्या चटया विणतो, ते फोनवर सांगितलं होतंच. नानांचा खड्डामाग, खड्ड्यात पाय सोडून चालवायचा तो हातमाग, पुन्हा उभा केला. गल्लीतल्या बाया पिशव्या आणून देतात. पिशवी रिकामी झाल्या झाल्या विसळली नाही तर तो आंबूस वास पुढे सोड्यानेही जात नाही. एवढं सगळ्यांना पटवण्यातच पावसाळा गेला. पिशवी उलगडून वाळवायची, बोटभर पट्ट्या कापायच्या, फास घालून एकात एक जोडायच्या आणि गुंडा करायचा. उभा ताणा कोनांवर, म्हणजे सुताच्या रिळांवर, उरलेल्या सुताचा, आडवा बाणा पिशव्यांचा. पट्टी बाणा नेणाऱ्या धोट्यात मावत नाही, सपाट काठीला गुंडाळून घालतो. चटईच्या खाली निवडणुकीच्या फ्लेक्सचा तुकडा. फ्लेक्समध्ये पॉलिएस्टरची जाळी आणि तिच्यावर पीव्हीसीचा थर असतो, पाणी आत येत नाही. पण सुईची भोकं जवळजवळ पडली की तिथूनच टरकतो. म्हणून कड दुमडून लांब टाके घालतो. मधल्या थराला टॉवेलच्या चिंध्या. रेपियर मागावर, त्या बिनधोट्याच्या यंत्रमागावर, टॉवेलच्या कडेची झालरीसारखी पट्टी कापून पडते ना, ती एमआयडीसीत पोत्याने मिळते. हा चिंध्यांचा थर सगळ्यांत महत्त्वाचा. डिसेंबर-जानेवारीतली थंडी जमिनीतून चढते बे. वर दोन चादरी घेतल्या तरी खालची फरशी अंगातली ऊब ओढून घेते, आणि अंगाखालची चादर दबून गेली की तिच्यात हवा राहत नाही, मग ती नसल्यातच जमा. चिंध्यांची पिशवी नाड्यांनी बांधलेली ठेवली, भिजली तर सोडून वाळवता यावी. टेरी वाळायला किती वेळ घेते ते तुला सांगायला नको. कोपऱ्याला मनगटात अडकवायचा बंद लावला. झोपेत अंगाखालून ओढून नेतात लोक.

तर परवा आम्ही वाटत होतो. तिकीटघराच्या बाजूला अव्वा पोत्यावर बसलेली, ऐंशीला टेकलेली असेल. चटई हातात घेतली, माझ्याकडे बघितलंही नाही. कड अंगठ्यात आणि बोटात धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली. तुझी अम्मा फिरवायची तशीच, राजेशम. डोळे दुसरीकडे, बोटं कडेवर. मग नीट घडी घातली आणि परत दिली. "दीनिकि अंचु लेदु." याला काठ नाही.

मी तेलुगूत विचारलं, अव्वा, कुठल्या तुम्ही? पूर्व भागातल्या विणकर वस्तीतल्या का? कुणाच्या घरच्या? त्याचं उत्तर नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "काठ विणणारं कुणी उरलं नाही का तुमच्यात?"

काय सांगणार होतो मी तिला? एक होता, तो भिवंडीला गेला?

चटई शेजारच्या माणसाने घेतली आणि लगेच आडवा झाला. पोरं म्हणतात, झालं की मग, कुणाला तरी मिळालीच. आमच्यातला तो धाकटा, वकिलीला शिकतो तो, फार तळमळीचा आहे. तो म्हणाला, "काका, २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांवर माणसं बेघर मोजली गेली. सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय की मोठ्या शहरांत लाख वस्तीमागे एक निवारा हवा, बारा महिने, चोवीस तास. सोलापूरची वस्ती तेव्हाच साडेनऊ लाख होती, म्हणजे नऊ-दहा निवारे. आपण कुठे पुरे पडणार? आणि तुम्ही काठ विणत बसणार?" त्याचं खोटं नाही. काठाला जितका वेळ जाईल तितक्या चटया कमी होतील, आणि तितकी माणसं फरशीवर झोपतील. मला रात्री झोप लागत नाही ती यानेच.

पण तिचंही खोटं नाही रे! तिने कड बोटांत धरली तेव्हा मी तिची बोटं बघत होतो. नुसता शोभेचा काठ ती शोधत नव्हती. कड कुठून सुटणार ते ती बघत होती. चटई रोज गुंडाळतात, ओढतात, खांद्यावर मारतात, सगळा ताण कडेवर येतो. आणि प्लास्टिकला सुतासारखी पकड नाही. बाणा ठोकायला फणी मारताना पट्टी ताणली जाते आणि माग सुटला की आखडते, मग चटई मधे कमरेत आवळल्यासारखी होते आणि कडेचे धागे सैल पडतात. पोरांनी कापडाची पट्टी शिवून बघितली. ती आधी निघते.

तिचं दुसरंही म्हणणं मला ऐकू आलं, ते तिने तोंडाने काढलं नाही. ज्या वस्तूला काठ असतो ती कुणाची तरी असते. बिनकाठाची चटई कोपऱ्यात पडली की झाडणाऱ्याला कचराच दिसते आणि तो उचलून नेतो, त्याला तरी काय बोलणार? दुधाची पिशवी, फाटका फ्लेक्स, चिंध्या, सगळं टाकलेलंच आपण उचललंय. ते एका माणसाच्या अंगाखाली घालायचं तर ते विणलेलं दिसलं पाहिजे. ज्या शहराची चादर लोक लग्नात आहेर म्हणून देतात, त्या शहरात रस्त्यावर झोपणाऱ्या म्हातारीला बिनकाठाचं द्यायचं, हे माझ्या हाताला पटत नाही.

आता तू हसशील. म्हणशील, लाल काठाच्या वेळी कुठे गेलं होतं हे शहाणपण? ते भांडण मी आजही सोडलेलं नाही हं. दोन बोटांच्या काठासाठी तू दोन दिवस माग बंद ठेवलास, माझी त्या हप्त्याची मजुरी बुडाली आणि घरात दूध बंद झालं. तेव्हा तुझं चुकलंच होतं. पोटाला लागतं तेव्हा काठ थांबू शकतो. पण ती चादर आमच्याकडे आहे अजून. मधोमध इतकी विरलीय की पलीकडचं दिसतं, काठ मात्र शाबूत. काल काढून तासभर बघत बसलो. कडेला तू ताणा कसा भरला होतास ते धागे मोजायचा प्रयत्न केला, पण डोळा अजून तेवढा साथ देत नाही. दोन्ही माग तू भंगारात घातलेस त्याचा राग वेगळा आहे, तो भेटल्यावर.

सूनबाईने मधेच एक चांगलं सुचवलं. दिल्लीच्या 'गूंज' संस्थेबद्दल तिने वाचलंय. अंशू गुप्तांनी १९९९ ला सुरू केलेली. गावकरी विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात आणि त्याचा मोबदला म्हणून कपडे घेतात, दान म्हणून नाही. ती म्हणते, स्टेशनवरच्याच लोकांना पट्ट्या जोडायचं काम द्या आणि पैसे द्या. पटलंय मला. अव्वाला विचारायचंय, पण बिनकाठाची चटई घेऊन पुन्हा तिच्यासमोर जायचा धीर होत नाही.

म्हणून तुझ्याकडे मागणं आहे. चटई अडीच फूट रुंद, सहा फूट लांब. मोराचं पीस नको, नक्षी विणायचं जॅकार्ड कुठून आणू? साधा खड्डामाग आहे. काठ दोन्ही बाजूंना दोन बोटांचा पुरे, पण झटपट विणता येणारा हवा, धाकट्याला उत्तर देता आलं पाहिजे. कोनांमध्ये लाल आणि काळं सूत बरंच निघतं, ते मी कडेसाठी वेगळं काढून ठेवतोय. पिशव्या निळ्या जास्त, थोड्या केशरी. ग्राफच्या कागदावर काढ. मोबाईलवर फोटो पाठवू नकोस, मला त्यातले चौकोन दिसत नाहीत.

वहिनींचा गुडघा कसा आहे? श्रीनिवासची नोकरी पक्की झाली हे ऐकून फार बरं वाटलं, त्याला सांग. नातीचं जावळ झालं का? गड्ड्याच्या यात्रेला सगळे या. शेंगाचटणी आणि कडक भाकरी बांधून देतो, भिवंडीत ती तशी मिळत नाही असं तूच रडत असतोस. यात्रेला उघड्यावर झोपणारे वाढतात, त्याच्या आत थोड्या तरी काठाच्या चटया हातात हव्यात.

ग्राफ सावकाश पाठवलास तरी चालेल. पण कडेचा ताणा दुहेरी भरायचा की तिहेरी, आणि फणीच्या एका घरात किती धागे, तेवढं पत्र मिळाल्या दिवशीच फोनवर सांग. नवा ताणा भरायचा मी थांबवून ठेवलाय.

तुझा,
अंबादास