अल्कलाइन पाण्याने इन्सुलिन वाढत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सध्या आमच्या परभणीकडं अल्कलाइन, म्हणजे ॲसिडच्या उलट गुणाच्या पाण्याच्या मशीनचे डेमो जोरात चालू आहेत, गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पण तेच, की शरीरात ॲसिड वाढलं म्हणून स्वादुपिंड बंद पडतं, हे पाणी प्या, शुगर जाते. मी ज्युनिअर कॉलेजला बायॉलॉजी शिकवतो, म्हणून राहवलं नाही.

ॲसिडचा स्वादुपिंडाशी संबंध आहे, हे खरंय. पण तो कसा, ते नीट सांगायला पाहिजे. स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, म्हणजे बीटा सेल, त्यांच्या पडद्यात पोटॅशियमची बारीक दारं असतात, त्यांना आयन चॅनेल म्हणतात. जेवल्यावर साखर आत गेली की एटीपी, म्हणजे सेलचं इंधन, तयार होतं, त्यानं हे दार बंद होतं, मग पडद्यावरचं व्होल्टेज बदलतं, कॅल्शियमचं चॅनेल उघडतं, कॅल्शियम आत आलं की इन्सुलिन बाहेर पडतं. शुगरवाले घेतात ती ग्लिमेपिराइडची गोळी पण हेच पोटॅशियमचं दार बंद करते. आता सेलच्या आत आम्लता वाढली तर एटीपीची पकड सैल होते, दार उघडं राहायला बघतं आणि इन्सुलिन कमी सुटतं. पण सगळीच चॅनेल अशी वागत नाहीत. टॉक-१ नावाचं दुसरं पोटॅशियम चॅनेल आहे, ते २००१ साली माणसाच्या स्वादुपिंडात सापडलं, ते उलट अल्कलाइनमध्ये जास्त उघडतं! मग 'ॲसिड वाईट, अल्कलाइन चांगलं' एवढ्यावर कसं भागेल?

आणि मुळात पिलेल्या पाण्यानं तिथपर्यंत काही पोचत नाही. पीएच म्हणजे आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं ॲसिड जास्त; जठरात तो दोनच्या आसपास, पाणी तिथंच न्यूट्रल होतं. रक्ताचा पीएच फुप्फुस आणि किडनी ७.३५ ते ७.४५ मध्ये सांभाळतात, मशीन नाही.

शुगरच्या आजारात रक्त खरंच आम्ल होतं ते इन्सुलिन फारच कमी पडल्यावर. शरीर चरबी जाळायला लागतं, कीटोन नावाची ॲसिडं साचतात, पीएच ७.३ च्या खाली जातो. म्हणजे बहुतेक वेळा आधी इन्सुलिन जातं, मग ॲसिड येतं, आणि जाहिरातवाले हे नेमकं उलटं सांगतात. टाइप वन मधुमेहाच्या लेकरांत तर बहुतेक बीटा सेलच नष्ट झालेल्या असतात, तिथं कोणतं दार बंद होणार?

आमच्या ओळखीतल्या एका पोरीला हेच झालं होतं. उलट्या आणि पोटदुखी चालू होती, घरच्यांना वाटलं पित्त झालं, तर सोडा पाजला, गॅसची गोळी दिली. ती सारखं पाणी मागत होती, लघवीला जात होती, महिनाभरात कपडे ढिले झालेले, श्वास खोल आणि भरभर, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. शेवटी एकानं ग्लुकोमीटर लावला तर आकडाच नाही, नुसतं 'हाय' आलं, म्हणजे मोजता येईल त्यापेक्षा जास्त शुगर. दवाखान्यात सलाईन, इन्सुलिन आणि पोटॅशियमवर सतत नजर ठेवून ती वाचली. इन्सुलिन दिलं की रक्तातलं पोटॅशियम झपाट्यानं सेलमध्ये जातं आणि रक्तात ते धोकादायक कमी होऊ शकतं, म्हणून हा उपचार घरी होत नसतो.

माझी कळकळीची विनंती आहे की अशा जाहिराती छापण्याआधी एखाद्या फिजिशियनला दाखवाव्यात, आणि वर सांगितलेली लक्षणं तुमच्या आरोग्याच्या पानावर ठळक छापावीत, खाली एकच ओळ टाका, 'लगेच शुगर आणि कीटोन तपासा'. आशाताई ते कात्रण वाडी-तांड्यावर दाखवू शकतील.

आपला,
एक शिक्षक, जि. परभणी