कोल्हापुरीचा कोड चप्पल उलटी करून ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीच्या घाटाची चप्पल दिसली, तेव्हापासून आमच्या गल्लीतली तरुण पोरं परदेशी ऑर्डरी घेऊ लागली आहेत. याचा मला मनापासून आनंद आहे. पण पार्सलच्या कागदावर कोड, म्हणजे माल कोणत्या प्रकारचा ते जकातीसाठी सांगणारा आकडा, आणि मूळ देश लिहायची वेळ आली की बहुतेक जण शेजाऱ्याने लिहिलेलं उतरवून काढतात. त्याचा फटका मी सोसला आहे, म्हणून हे पत्र.

माझं सासर पिढीजात चपलांचं. सासरे आणि नवरा चप्पल बांधतात, तिच्यावरची चामड्याची वेणी मी घालते. सहा वर्षांपासून ऑनलाइन दुकानही मीच बघते. सुरुवातीच्या काळात जर्मनीतल्या एका दुकानदारबाईंनी बारा जोड मागवले. कुरिअरवाल्याने विचारलं, माल काय? मी म्हटलं, चप्पल. त्याने ६४०२ टाकून दिलं. ६४०२ म्हणजे तळही रबर-प्लास्टिकचा आणि वरचा भागही रबर-प्लास्टिकचा, म्हणजे आपली बाथरूमची स्लीपर! माल दीडशे युरोच्या वरचा असल्यामुळे तिकडे जकात लागली, तीही साधारण १७ टक्क्यांनी. चामड्याच्या कोल्हापुरीला ती ८ टक्के लागली असती. बाईंनी मुकाट्याने पैसे भरले आणि पावतीचा फोटो पाठवला. पुन्हा ऑर्डर मात्र दिली नाही.

त्यानंतर मी जकातीच्या यादीतलं ६४वं प्रकरण, पादत्राणांचं, शब्द न् शब्द वाचून काढलं. यातले पहिले सहा आकडे जवळपास सगळ्या जगात एकच असतात. आपल्याकडे पुढे दोन वाढून आठ होतात, अमेरिकेत दहा. त्यात ६४०३ २० असा एक कोड आहे. त्याचं वर्णन वाचून मी चाट पडले: चामड्याचा तळ, आणि वर चामड्याचे पट्टे, एक पावलावरून जाणारा आणि एक अंगठ्याभोवतीचा. जगाच्या यादीत आमच्या पायताणाचं इतकं नेमकं वर्णन कुणीतरी लिहून ठेवलंय आणि आम्ही मात्र 'इतर पादत्राणे' लिहीत बसलो होतो.

पण हा कोड डोळे झाकून सगळ्या जोडांना लावता येत नाही. परदेशात ओल्या फरशीवर चामड्याचा तळ घसरतो, म्हणून गिऱ्हाईक रबर लावून मागतं. सासरे तळाच्या मापाची रबरशीट रापीने कापतात, सोल्युशन लावून चिकटवतात, हातोडीने ठोकून बसवतात. वरून बघाल तर बाजूचे कान तेच, वेणी तीच, गोंडा तोच. चप्पल उलटी केली की खालून सगळं काळं रबर. नियम असा आहे, की जमिनीला टेकणारा सर्वांत मोठा भाग ज्याचा, त्याचा तळ धरायचा. झालं, तो जोड ६४०३ २०मधून बाहेर पडला आणि त्याच ६४०३च्या पोटात ९९ मध्ये गेला. नुसता टाचेखाली रबराचा तुकडा मारला असेल, तर तळ चामड्याचाच धरतात. आणि ज्या नव्या फॅशनच्या जोडाला अंगठा, म्हणजे अंगठ्याभोवतीचा पट्टाच, ठेवलेला नाही, तो तळ चामड्याचा असला तरी ६४०३ २०मध्ये बसत नाही. हे काउंटरवरच्या माणसाला बंद खोक्यातून कसं कळणार? ते बनवणाऱ्यानेच सांगायला हवं. मी आता प्रत्येक जोडाचा तळाकडून फोटो काढते आणि ऑर्डरच्या वहीत त्याच्यापुढे कोड लिहून ठेवते.

मूळ देशाचा गोंधळ याहून मोठा आहे. माल जिथून पाठवला तो मूळ देश, अशी समजूत पक्की बसली आहे. खरं तर माल जिथे घडला तो मूळ देश. रबरशीट बाहेरून आलेली असली, तरी चामडं इथे कापून, इथे शिवून चप्पल झाली, तर सर्वसाधारण नियमाने ती भारताचीच. पण चीनमधून तयार सँडल आणून, इथे खोकं बदलून त्यावर भारत लिहिणं ही सरळसरळ खोटी घोषणा आहे. तसं करणारे माझ्या माहितीत आहेत आणि मला त्याची लाज वाटते.

काही जण जीआयलाच, म्हणजे भौगोलिक मानांकनालाच, मूळ देशाचा दाखला समजतात. २०१९मध्ये मिळालेली जीआय नोंद कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी आहे. निपाणीचा कारागीरही त्यात येतो. इतर राज्यात मशिनवर बनलेली चप्पल मूळ देशाच्या रकान्यात भारताचीच ठरेल, पण म्हणून ती कोल्हापुरी होत नाही. अमिरातीसारख्या, भारताशी व्यापार करार असलेल्या देशात जकातीची सवलत हवी असेल, तर त्या कराराच्या नियमात बसणारा वेगळा दाखला परकीय व्यापार खात्याच्या ऑनलाइन प्रणालीतून काढावा लागतो. जीआयचं प्रमाणपत्र तिथे चालत नाही.

अमेरिकेत पूर्वी ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात नव्हती, त्यामुळे काहीही लिहिलं तरी खपायचं. २९ ऑगस्ट २०२५पासून ती सूट गेली. त्याच सुमारास टपालखात्याने तिकडची बहुतेक पार्सलं घेणं थांबवलं, ती ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झाली. त्या दीड महिन्यात आमचे नऊ जोड बांधून तसेच पडून होते. आता कुणी 'गिफ्ट लिही, चालतंय' म्हणालं तर कृपा करून ऐकू नका.

टपाल कार्यालयातून माल परदेशी पाठवायला डाक घर निर्यात केंद्रं निघाली हे फार चांगलं झालं. माझी जिल्हा उद्योग केंद्राला आणि टपालखात्याला एकच विनंती आहे. एक दिवस जाणकार अधिकारी सुभाषनगरात पाठवा. कापशी, कुरुंदवाडी, रबर लावलेली, बिनअंगठ्याची, असे सगळे प्रकार समोर ठेवून त्यांचे कोड ठरवा आणि मराठीत एक पानभर छापून प्रत्येक कारखान्यात लावा. जोड मी आणून ठेवते, बसायला आमच्या कारखान्यात जागा आहे. फक्त सोमवार नको, त्या दिवशी आमच्याकडे पार्सलं बांधायची असतात.

आपली,
एक चप्पल व्यावसायिक गृहिणी,
सुभाषनगर, कोल्हापूर